सत्तावीस नंबरचा चष्मेवाला बाबा

धारच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कृष्णराव चितारींचं पाट्या रंगवण्याचं दुकान आहे. दुकानावर पाटी आहे ती मात्र ‘के. राव पेंटर’ अशी. तरुणपणी आद्याक्षरांची हौस म्हणून त्यांनी स्वतःचं नाव मधोमध तोडलं, आणि तेव्हापासून निम्म्या गावाला ते मद्रासकडचे वाटतात. बदली होऊन आलेला एखादा नवा कारकून त्यांना इडलीचं पीठ कुठं मिळेल म्हणून विचारतो. कृष्णराव कधी खुलासा करत नाहीत. अगदी गंभीर चेहऱ्यानं समोरच्या कचोरीवाल्याकडे बोट दाखवतात आणि तो काय उत्तर देतो ते ऐकायला कान टवकारून बसतात.

त्यांचे खापरपणजोबा पवारांच्या दरबारात पालख्या रंगवायला दक्षिणेतून आले. पालख्या गेल्या, पाट्या आल्या. मग फ्लेक्स आला आणि पाट्याही गेल्या. आता उरल्यात ट्रकच्या मागच्या फळ्या, देवळांच्या भिंती आणि शाळेतले पाढे. कृष्णरावांना त्याचं फार दुःख आहे असं नाही. त्यांचा हात मात्र सरळ काम करायला राजी नसतो. एका दंतवैद्यानं हसणाऱ्या माणसाचं चित्र सांगितलं, तर यांनी त्या माणसाचा एक दात गायब केला. पाटी दवाखान्यावर लागली, लोक बघत राहिले आणि हसत राहिले. डॉक्टरांना वाटे, आपली जाहिरात फार परिणामकारक आहे. एका पेशंटनं दाखवून दिलं तेव्हा ते तणतणत दुकानात आले. कृष्णराव म्हणाले, “भिया, दात पडला नसता तर तो तुमच्याकडे कशाला आला असता?”

या माणसाला सगळ्यात जास्त कुणाचा आनंद असेल, तर आपल्या साडूंचा. साडू म्हणजे विश्वासराव शिराळकर. ऐन तिशीत कोल्हापूरकडून देवासला नोटांच्या छापखान्यात नोकरीला आले आणि कृष्णरावांची मेव्हणी अलका हिच्याशी लग्न करून तिथलेच झाले. छापलेल्या कागदातला दोष शोधणं हे त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्यावर कागद सुटले, दोष शोधणं सुटलं नाही. कुणाच्या शर्टाचं बटण, कुणाच्या पंगतीतलं मीठ, कुणाची मराठी.

“येऊन राहिलोय काय, कृष्णराव? ‘येतो आहे’ म्हणावं.”

“तेच तर म्हणून राहिलोय मी.”

विश्वासरावांनी देवासच्या घरासाठी नावाची पाटी मागितली, तेव्हा ‘विश्वासराव शिराळकर, निवृत्त’ एवढाच मजकूर होता. कृष्णरावांनी ‘निवृत्त’ एवढं मोठं काढलं की नाव जवळ जाऊन वाचावं लागे. पोस्टमन त्यांना निवृत्तराव म्हणू लागला.

तरीही कृष्णरावांना आंजणी नदीचं काम मिळालं ते विश्वासरावांमुळेच.

नालछ्याच्या पुढे, जिथं मांडूचं पठार निमाडकडे उतरायला लागतं, तिथं ही आंजणी. नदी म्हणायला लहान, नाला म्हटलं तर तिकडच्या लोकांना राग येतो. तिच्यावर जुना स्टॉपडॅम होता. त्याच्या मागे पाण्याऐवजी इतका गाळ साचला होता की उन्हाळ्यात पोरं त्यावर क्रिकेट खेळत. भिंतीला तडे गेले, कुणाला पाणी मिळेना, आणि खालच्या गावांना दर पावसाळ्यात ती पडेल की काय अशी धास्ती. शेवटी तीन वर्षांपूर्वी ती भिंत मशीन लावून काढून टाकली. कितीतरी वर्षांनी नदी मोकळी झाली.

आता मोकळी झालेली नदी खरंच बरी होते आहे का, हे बघायला इंदूरहून एक चमू येऊ लागला. त्यात शिवानी होती. शिवानीचं घर देवासला, विश्वासरावांच्या शेजारी. तिचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी तिथं आलेले. शाळा सगळी हिंदीत झाल्यामुळे तिचं मराठी बोलताबोलता रूळ बदलायचं, पण ती बेधडक बोलायची. तिला दगड रंगवून हवे होते. विश्वासरावांनी साडूंचं नाव सुचवलं आणि स्वतः तिला घेऊन धारला आले.

शिवानीनं दुकानात दगडांची गोणी ओतली. नदीतलेच दगड, कुठं नारळाएवढे, कुठं बटाट्याएवढे. प्रत्येकाला भोक पाडून आत तांदळाएवढी एक चिप बसवलेली.

“काका, बांधाच्या मागे जे गोटे, रेती अडकून होती, ती आता खाली चाललीय. किती दूर जाते, कुठे थांबते, ते बघायचंय मला. खालचं पात्र नुसतं खडक झालं होतं. तिथं गोटे परत पसरले, तर त्यांच्या फटीत किडे राहतील, मासे अंडी घालतील. म्हणून हे दगड पावसाच्या आधी बांधाच्या जागेखाली ओळीनं ठेवणार. पूर आला की ते जातील. मग आपण शोधणार.”

“आणि मी काय करायचं?”

“पिवळा रंग लावायचा, म्हणजे दुरून दिसतील. वर काळा नंबर. बस.”

विश्वासरावांनी चष्मा सावरला. “कृष्णराव, त्या ‘बस’ म्हणाल्या. ऐकलंत ना?”

“ऐकलं की.”

पहिले काही दिवस खरोखरच तसं झालं. अंगणात दगड ओळीनं वाळत पडले, कृष्णरावांच्या पत्नी सुभद्राबाई त्यांच्यामधून वाट काढत तुळशीला पाणी घालत राहिल्या. मग सत्तावीस नंबरचा दगड आला. दोष त्या दगडाचा होता, असं कृष्णराव अजून सांगतात. वरून तुळतुळीत, मधोमध टोकदार उंचवटा, खालच्या बाजूला ओठ दुमडल्यासारखी एक खाच. कृष्णरावांनी एका बाजूला सत्तावीस घातला, दगड उलटा केला आणि बारीक ब्रश उचलला. चष्मा रेखाटला. चष्म्याच्या वरून बघणारे डोळे काढले. कपाळावर तीन आठ्या. विश्वासराव दगडातून बाहेर बघू लागले.

सुभद्राबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. “अहो, हे काय! भाऊजी आहेत हे!”

“कुठं? मला तर दगड दिसतोय.”

“त्यांनी तुम्हाला काम मिळवून दिलं आणि तुम्ही त्यांना नदीत टाकणार?”

“मी कुठं टाकतोय? शिवानी टाकणार.”

त्या पदराआड हसल्या, आणि तिथंच चुकलं. बायको हसली म्हटल्यावर कृष्णरावांच्या हाताला परवानगीच मिळाली. पुढच्या दगडांवर गल्लीतला न्हावी आला, कचोरीवाला आला, वॉर्डाचे नगरसेवक आले, भुवई उचललेल्या सुभद्राबाई आल्या. नंबर वर, चेहरा खाली. शिवानी दगड न्यायला आली तेव्हा तिनं नंबर तपासले, रंगाची तारीफ केली आणि सगळे गोणीत भरले. नदीतही तिनं ते नंबर वर ठेवूनच मांडले. सबंध गल्ली पालथी पडून पुराची वाट बघू लागली.

पाऊस चांगला झाला. दसऱ्यानंतर पाणी उतरलं, तेव्हा शिवानीनं शोधकामाला कृष्णरावांनाच सोबत घेतलं, कारण त्यांना त्यांचा रंग ओळखू येईल. विश्वासरावही आले. अलकाताई बहिणीकडे आल्या होत्या आणि घरात दोघी बहिणींच्या गप्पांत त्यांना कुणी दोष काढू देत नव्हतं.

शिवानीकडे एका काठीला लावलेली तव्याएवढी कडी होती. ती पाण्यावरून फिरवायची. खाली चिप असली की यंत्र बीप करी आणि नंबर दाखवी. बांधाच्या जागेपासून थोड्याच अंतरावर एका खडकाच्या बुडाशी पहिला बीप झाला. शिवानीनं हात घालून दगड काढला, धुतला आणि उलटला.

भुवई उचललेल्या सुभद्राबाई तिच्याकडे बघत होत्या.

“काका... ये कौन है?”

कृष्णराव पलीकडच्या झाडातला एक पक्षी बघू लागले. विश्वासरावांनी दगड हातात घेतला. “ही तर आमची सुभद्रा! जागची हललेली नाही म्हणा.”

दुपारपर्यंत न्हावी सापडला, कचोरीवाला सापडला. नगरसेवक मात्र जवळच्या पाड्यावर एका गोठ्याच्या भिंतीत निघाले. तिथली एक बाई म्हणाली, “इतना हँसमुख पत्थर है, नदी में काहे को छोड़ें?” आणखी दोन-तीन घरांत असेच दगड निघाले. एका म्हातारीनं तर दिला पण नाही. तिला तो आपल्या गेलेल्या भावासारखा वाटत होता.

शिवानी काठावर बसली. ती रागावली की पूर्ण हिंदीत जायची, पण या वेळी मुद्दाम मराठीत बोलली, म्हणजे नीट पोचावं.

“काका, हा दगड लोकांनी उचलला की तो नदीनं कुठे नेला असता, ते मला कधीच कळणार नाही. साध्या पिवळ्या दगडाला कोणी हात नाही लावला, बघा. चेहरेवालेच गेले. माझं एक सालचं काम आहे हे.”

कृष्णरावांना आयुष्यात पुष्कळ लोक रागावले होते. दंतवैद्य, नगरसेवक, दोन मुख्याध्यापक. त्यांचं काही वाटलं नव्हतं. या मुलीचं वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “पुढच्या वर्षी नुसते पिवळे,” ते म्हणाले. “एक टिंबसुद्धा जास्तीचं नाही.” आणि मनात म्हणाले, सत्तावीस नंबर सापडला नाही तेच बरं.

पण शिवानीला त्याहून मोठी काळजी होती. तिनं दोरी ताणून पात्राची खोली मोजली होती. बांधाच्या मागचे गोटे वाहून खाली आले होते, हे नक्की. खालच्या टप्प्यात मात्र पात्र भरण्याऐवजी आणखीच खोल गेलं होतं. आणि साधे पिवळे दगडही तिथून पुढे एकाएकी नाहीसे झाले होते. “नदीनं नेले असतील तर खाली सापडायला पाहिजेत ना,” ती म्हणाली. म्हणून दुसऱ्या दिवशी तिघं जीपमधून घाट उतरून धामनोदच्या अंगाला गेले, जिथं आंजणी सपाटीवर येते. तिथंही दिवसभर कडी फिरवली. एक बीप नाही.

संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर चहाला थांबले. ढाबा मोनू नावाच्या एका तिशीतल्या माणसाचा होता. आवारात ट्रक लागलेले, बाजांवर चालक बसलेले. कृष्णराव जीपमधून पाय खाली टाकणार, तेवढ्यात त्यांना कडुलिंबाखालचा ओटा दिसला.

ओट्यावर झेंडूचे हार होते, उदबत्त्या होत्या, नारळ होते. समोर जुने चष्मे मांडलेले, कुणाची काडी तुटलेली, कुणाची काच. वर फ्लेक्सचा फलक, ‘जय चश्मेवाले बाबा’. आणि हारांच्या मधोमध, कपाळाला शेंदूर, सत्तावीस नंबर. चष्म्याच्या वरून बघत.

कृष्णरावांनी पाय परत आत घेतला. “इथला चहा काही खास नसतो. पुढे जाऊ.”

“तुम्हाला काय माहीत?” विश्वासराव उतरलेसुद्धा.

“मला ॲसिडिटी होऊन राहिलीय.”

“होते आहे म्हणावं.”

विश्वासराव ढाब्याकडे चालू लागले. मोनू हातात चहाची केटली घेऊन येत होता. त्यानं विश्वासरावांकडे बघितलं. मग ओट्याकडे बघितलं. मग पुन्हा विश्वासरावांकडे. केटली खाली ठेवली आणि सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बाबा खुद आ गए!”

बाजांवरचे चालक उठून उभे राहिले. कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. विश्वासराव मागे सरकले. “अरे, हे काय? कौन बाबा? मैं तो देवास से आया हूँ.”

“देवास से!” एक चालक दुसऱ्याला म्हणाला. नावातच देव आलेला बघून त्याची उरलीसुरली शंका मिटली असावी.

कृष्णरावांना हसू येत होतं आणि त्याच वेळी जीपच्या सीटखाली शिरावंसं वाटत होतं. शिवानीचं लक्ष मात्र ओट्यावरच्या पिवळ्या रंगाकडे गेलं होतं. तिनं जीपमधून कडी काढली, ओट्यापाशी गेली आणि हळूच पुढे केली. बीप.

“सत्ताईस,” ती म्हणाली, आणि तिनं मागे वळून कृष्णरावांकडे बघितलं.

विश्वासरावही ओट्यापाशी आले. खाली वाकून त्यांनी दगड निरखला. ज्या माणसानं आयुष्यभर छापाच्या रेघा तपासल्या, त्याला ब्रश कुणाचा हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी आठ्या मोजल्या असाव्यात, कारण त्यांचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला. ते सावकाश वळले.

“कृष्णराव.”

“दगडाची ठेवणच तशी होती, विश्वासराव.”

त्यावर पुढे काय झालं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात बडवानीकडचा एक वयस्कर चालक हात जोडून पुढे आला. “बाबा, रात को सामने की गाड़ी की लाइट आँख में फूटती है. बस इतनी किरपा करो कि दिखता रहे.”

विश्वासराव त्याच्याकडे बघत राहिले. “चश्मा है?”

“नहीं बाबा.”

“आखिरी बार आँख कब जँचवाई?”

“कभी नहीं.”

“कभी नहीं?” विश्वासरावांचा आवाज चढला. एवढा ढळढळीत दोष त्यांना बऱ्याच वर्षांत सापडला नव्हता. “और गाड़ी कितने साल से चलाते हो? और तुम? तुमने कब जँचवाई? तुम क्यों आँखें बारीक कर रहे हो?” बाबा एकेका भक्तासमोर उभे राहून त्याला झापू लागले, आणि भक्त माना खाली घालून ऐकू लागले. दर्शनाचा असा प्रकार त्या रस्त्यावर पूर्वी झाला नसेल.

इकडे शिवानीनं मोनूला बाजूला घेतलं. “ये पत्थर कहाँ मिला?”

“मिला क्या, आया, मैडम. पार्किंग में कीचड़ बहुत होता था, तो गिट्टी की ट्रॉलियाँ डलवाईं. उसी में से निकले बाबा. ट्रैक्टरवाला बोला, ऊपर आंजणी से भरी है. बाँध टूटने के बाद वहाँ माल ही माल है.”

शिवानीनं कडी खाली केली आणि ट्रकच्या रांगेमधून चालू लागली. बीप. चार पावलांवर पुन्हा बीप. डिझेलच्या टाकीखाली बीप. बाजेच्या पायापाशी बीप, त्या बाजेवरचा चालक दचकून उडाला. चिखलात आणि चाकांखाली दडपलेले ते सगळे साधे पिवळे दगड एकामागून एक नंबर सांगू लागले. ज्या गोट्यांची ती नदीत वाट बघत होती, ते सगळे इथं ट्रकखाली पसरले होते. नदीनं आपलं काम केलं होतं. वरून माल खाली आणून ठेवला होता, आणि ट्रॅक्टर तो उचलून नेत होते.

ती परत आली तेव्हा तिच्या चपला चिखलानं भरल्या होत्या आणि चेहरा उजळला होता. कृष्णराव आशेनं पुढे झाले.

“म्हणजे बघ, तो चेहरा नसता तर...”

“काका, ह्याचं क्रेडिट मी तुम्हाला बिलकुल नाही देणार,” ती म्हणाली. पण हसली.

मोनूनं ओट्यावरचे बाबा द्यायला साफ नकार दिला. शिवानीनंही आग्रह धरला नाही. सत्तावीस नंबरचा प्रवास कळला होता, तेवढं तिला पुरे होतं. चहाचे पैसे मोनूनं घेतले नाहीत. जीपमध्ये विश्वासराव पुढच्या सीटवर बसले आणि घाट चढून धार येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. कृष्णरावांनी मधे एकदा मुद्दाम चुकीचं मराठी बोलून बघितलं. त्यांनी दुरुस्तसुद्धा केलं नाही. तेव्हा मात्र कृष्णराव घाबरले.

घरी अलकाताईंना सगळी हकीगत कळली, तेव्हा त्या हसताहसता भिंतीला टेकल्या. “इतकी वर्षं मी यांच्याकडे डोळे वटारून बघत होते, आणि लोक हार घालतायत!” सुभद्राबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन बरंच ऐकवलं. विश्वासराव दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं देवासला गेले.

दिवाळीचा फराळ पोचला, फोन आला नाही. कृष्णरावांनी दोनदा फोन लावला. अलकाताई म्हणाल्या, ते कामात आहेत. निवृत्त माणसाला कसलं काम, हे कृष्णरावांना कळेना, आणि ‘निवृत्त’ हा शब्द मनात आल्यावर त्यांना आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

काम काय होतं ते नंतर कळलं. शिवानीच्या चमूनं खालच्या टप्प्यातला सगळा प्रकार मोजून लिहून दिला, आणि गावच्या ग्रामसभेनं ट्रॅक्टर उतरायचे त्या रस्त्यावर चर खणून घेतला. विश्वासरावांनी दुसरी आघाडी उघडली होती. ते एकटेच पुन्हा धामनोदला गेले, मोनूशी बोलले, इंदूरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं आणि ढाब्यावर चालकांच्या तपासणीचं शिबिर ठरवलं. मग धारला चिठ्ठी नाही, फोन नाही, स्वतःच दुकानाच्या दारात उभे राहिले.

“तो फ्लेक्स अशुद्ध आहे आणि रंगही उडतोय. पाटी हवी. मजकूर असा: ‘गाड़ी चलाने से पहले आँखें जँचवाएँ.’ बाकी काही नको.”

“चेहरा?”

“दगडावर आहे तेवढा पुरे.”

कृष्णरावांनी ती पाटी जिवापाड मेहनत घेऊन केली. दोन वेळा अस्तर, कडेला बारीक रेघ, अक्षरं एकसारखी. आपल्या हाताला त्यांनी कुठंही मोकळं सोडलं नाही. विश्वासराव भिंग घेऊन आले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत गेले. मग पुन्हा उलट आले. दोष सापडेना. ते इतके हिरमुसले की कृष्णरावांनाच वाईट वाटलं.

शिबिराला एवढे ट्रक थांबले की रस्त्यावर रांग लागली. मोनूनं दिवसभर चहा उकळला. बऱ्याच जणांना चष्मे लागले, काहींना औषधं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “बाबा, आप भी बैठ जाइए.” विश्वासराव म्हणाले, आपले डोळे उत्तम आहेत. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता.

चालकांमध्ये कुजबुज झाली. देवाचा डोळा बिघडलेला निघाल्यावर भक्तांनी काय समजायचं? पण बडवानीचा तो वयस्कर चालक नव्या चष्म्यातून बघत म्हणाला, “सबकी आँख ठीक करते-करते अपनी खराब कर ली बाबा ने.” आणि भक्ती दुप्पट झाली.

ऑपरेशनला इंदूरला कृष्णराव घेऊन गेले. डोळ्याला पट्टी बांधून विश्वासराव खाटेवर पडले होते, तेव्हा ते शेजारी बसून राहिले.

“त्या दिवशी लोक पाया पडले,” विश्वासराव अचानक म्हणाले, “तेव्हा मला राग आला होता असं तुम्हाला वाटलं असेल.”

“आला नव्हता?”

“आला होता. पण आधी बरं वाटलं होतं. बरं वाटल्याचा राग आला.” मग थोड्या वेळानं, “नाक तुम्ही जरा जास्तच टोकदार काढलंत.”

“नाक दगडाचं होतं, विश्वासराव. आईशप्पथ.”

विश्वासरावांनी सूड घेतला तो थंडीत. ट्रॅक्टर थांबल्यामुळे पात्रात गोटे टिकू लागले होते, आणि आता त्यांच्या फटीत कोण राहायला आलं आहे ते शिवानीला मोजायचं होतं. त्यासाठी कुणीतरी पाण्यात उभं राहून पायानं दगड ढवळायचे आणि खालच्या अंगाला जाळी धरायची. विश्वासरावांनी तिला फोन करून सांगितलं, की आमचे साडू तयार आहेत, त्यांची फार इच्छा आहे, फक्त संकोचानं बोलत नाहीत.

पौषातल्या सकाळी आंजणीचं पाणी काय असतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कृष्णराव गुडघ्यापर्यंत उभे होते आणि दात वाजत होते. विश्वासराव काठावर शाल गुंडाळून, हातात थर्मास घेऊन खुर्चीवर बसले होते.

“डावीकडे, कृष्णराव. डावीकडचे दगड राहिले.”

“मी ढवळून राहिलोय!”

“ढवळतो आहे.”

जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली. काडी, पाला, वाळू. शिवानी वाकली, विश्वासराव खुर्चीवरून उठून आले आणि दोघांनी ट्रेवर माना घातल्या. कृष्णरावांना नुसता कचरा दिसत होता.

“हा,” विश्वासराव म्हणाले, “काडी नाही. तीन शेपट्या आहेत याला.”

शिवानीनं चिमट्यानं पाणी हलवलं. काडी पळाली. नखाएवढा चपटा किडा, मागे तीन केसासारख्या शेपट्या.

“हाच पाहिजे होता!” ती ओरडली. “काका, हा साफ, खेळत्या पाण्यातच राहतो. मागच्या साली ह्या जागी एक पण नव्हता. एक पण नाही!”

मग आणखी एक दिसला, आणि त्याच्यापलीकडे तिसरा. विश्वासरावांना ते भराभर दिसू लागले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं ते प्रत्येक काडीची झडती घेत होते. शिवानी नोंदी करत होती. कृष्णराव पाण्यातून मान लांब करून बघत होते.

“जरा इकडे करा ना ट्रे. कसा दिसतो तो? मिशा आहेत काय त्याला?”

“नाही!” दोघं एकदम म्हणाले.

“मी कुठं काय काढून राहिलोय? नुसतं विचारतोय.”

“पुढची जागा घ्या,” विश्वासराव म्हणाले, “आणि जाळी सरळ धरा. अहो, अशी नाही. सगळे किडे बाजूनं निघून जातील. कृष्णराव! कोन बघा कोन!”

कृष्णरावांनी जाळी आणखी तिरकी धरली. विश्वासरावांनी थोडा वेळ सहन केलं. मग त्यांनी शाल खुर्चीवर टाकली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, “एक काम धड करता येत नाही माणसाला,” असं म्हणत नदीत पाय घातला आणि ज्या भाषेत ओरडले ती मराठी होती की हिंदी की माळवी, हे शिवानीला शेवटपर्यंत कळलं नाही.